कोरियाच्या मनातला जपान आणि आपल्या मनातला जपान

मुलुंडचा वाचक

सर्व सदस्यांना नमस्कार.

आमच्या घरात जपानविषयी नेहमी आदरानेच बोलले गेले. १९०५ साली जपानने रशियाला हरवले आणि युरोपीय सत्ता अजिंक्य नाहीत हे आशियाला कळले, असे वडील सांगत. आझाद हिंद सेनेच्या इतिहासातही जपान भेटला तो मदतीला आलेला मित्र म्हणूनच. आजही वांद्रे-कुर्ला संकुलातले बुलेट ट्रेनचे खोदकाम पाहिले, की जपानने ०.१ टक्का व्याजाने पन्नास वर्षांसाठी देऊ केलेल्या कर्जाचा विषय कोणीतरी काढतोच.

माझी मुलगी कोरियन मालिका पाहता पाहता ती भाषा शिकू लागली. तिच्या ऑनलाइन वर्गात जपानचा विषय निघाला तेव्हा तिने मोकळेपणाने जपानचे कौतुक केले. शिक्षिका रागावल्या नाहीत. १५ ऑगस्ट हा आमचाही मुक्तिदिन आहे आणि ती मुक्ती कोणापासूनची हे तुला ठाऊक आहे का, एवढेच त्यांनी विचारले. मुलीने तो प्रश्न घरी आणला, आणि १९१० व १९४५ ही दोन साले सोडली तर मला तिला फारसे काही सांगता आले नाही.

माझी खरी शंका पुढची आहे. इंग्रजांनी आपल्यावर जपानने कोरियावर केले त्याहून कितीतरी अधिक काळ राज्य केले, लुटले, जालियनवाला बागेत गोळ्या घातल्या. तरीही आपण फोर्टातल्या इमारतींचे कौतुक करतो आणि मुलांना शिक्षणासाठी लंडनला पाठवतो. मग कोरियात केवळ ३५ वर्षांच्या राजवटीची जखम ऐंशी वर्षांनंतरही इतकी ओली कशी? ती राजकारण्यांनी मुद्दाम ओली ठेवली आहे, की त्या राजवटीतच काही वेगळे होते? शिवाय तिथली रेल्वे आणि कारखाने जपाननेच उभारले असेही वाचनात येते. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गिरगावकर मास्तर

आपल्याला ज्या १९०५ सालाचे अप्रूप वाटते, त्याच सालाने कोरियाचा घात केला. रशिया आणि जपान लढले ते मुळात कोरिया व मांचुरिया (चीनचा ईशान्य भाग) कोणाच्या ताब्यात जाणार या वादातून. युद्ध संपत आले असताना, १२ ऑगस्ट १९०५ रोजी, ब्रिटन आणि जपान यांनी आपल्या १९०२ च्या मैत्री कराराचे नूतनीकरण केले. त्यात ब्रिटनने कोरियातील जपानचे वर्चस्व मान्य केले, आणि लगेच पुढच्याच कलमात, हिंदुस्थानच्या सरहद्दीजवळ आपल्या साम्राज्याच्या रक्षणासाठी ब्रिटनला आवश्यक वाटतील ती पावले उचलण्याचा अधिकार जपानने मान्य केला. आपली आणि कोरियाची गुलामगिरी अशी एकाच कागदावर शेजारी-शेजारी नांदत होती. वंगभंगाच्या त्या दिवसांत आपल्याकडची वर्तमानपत्रे जपानच्या पराक्रमाचे गोडवे गात होती, आणि त्यांत अस्वाभाविक काही नव्हते. पण हा कागद समोर ठेवला की ते कौतुक थोडे जड जाते.

पुढच्या पायऱ्या भराभर सांगतो. १७ नोव्हेंबर १९०५ रोजी राजवाड्याभोवती जपानी सैन्य उभे असताना जपानचे ज्येष्ठ मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांनी कोरियन मंत्र्यांकडून संरक्षित राज्याचा करार करवून घेतला, म्हणजे परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती गेला. १९०७ मध्ये सम्राट गोजोंग यांनी हेगच्या शांतता परिषदेकडे गुपचूप तीन दूत पाठवले. त्यांना आत घेतले गेले नाही, उलट सम्राटालाच सिंहासन सोडावे लागले आणि कोरियन सैन्य बरखास्त झाले. १९०९ च्या ऑक्टोबरात हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर आन जुंग-गुन या तरुणाने इतोंवर गोळ्या झाडल्या. मराठी वाचकाला इथे चापेकर आठवणारच. आनला मार्च १९१० मध्ये फाशी झाली, आणि २२ ऑगस्टला सही होऊन २९ ऑगस्ट १९१० रोजी कोरिया जपानमध्ये विलीन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

पहिली नऊ वर्षे कारभार उघडउघड लष्करी पोलिसांचा होता. गव्हर्नर-जनरल हा लष्करातला वा आरमारातला सेनानीच असे. प्राथमिक शाळेतले शिक्षकसुद्धा कमरेला तलवार लावून वर्गात येत. १९१२ मध्ये फटक्यांच्या शिक्षेचा आदेश निघाला आणि तो केवळ कोरियन माणसाला लागू होता. त्याच देशात राहणाऱ्या जपानी माणसाला त्याच गुन्ह्यासाठी फटके बसत नसत. कंपनी काढायची तर सरकारी परवानगी लागे. १९१० ते १९१८ या काळात जमिनीची मोजणी झाली. तिच्यात किती जमीन हडपली गेली यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि जुने फुगवलेले आकडे आता बरेच जण मानत नाहीत. पण ज्याच्या नावावर कागद तोच मालक असे ठरल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाचा वहिवाटीचा हक्क वाऱ्यावर गेला, हे मात्र नाकारता येत नाही. कोकणातल्या खोतीच्या कहाण्या ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना कुळाचे हे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता १९१९. गोजोंग जानेवारीत वारले, ३ मार्चला त्यांची अंत्ययात्रा होती, देशभरातून लोक राजधानीत जमले होते. १ मार्चला ३३ जणांच्या सहीने स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि निःशस्त्र मिरवणुका खेड्यापाड्यांत पसरल्या. यू ग्वान-सुन ही सोलमध्ये शिकणारी सोळा वर्षांची मुलगी शाळा बंद पडल्यावर गावी गेली आणि १ एप्रिलच्या आठवडी बाजारात तिने लोक उभे केले. तिचे आईवडील तिच्या डोळ्यांदेखत मारले गेले, आणि ती पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सोलच्या सेओदेमुन तुरुंगात छळामुळे मरण पावली. १५ एप्रिलला जेआम-री या गावी सैनिकांनी पुरुषांना चर्चमध्ये बोलावून दारे लावली, गोळीबार केला आणि इमारत पेटवून दिली. तारीख पुन्हा पाहा: अमृतसरच्या बागेतला गोळीबार त्याच्या दोनच दिवस आधीचा आहे. मृतांच्या आकड्यांतही तीच तऱ्हा आहे. अमृतसरसाठी सरकार ३७९ म्हणे आणि काँग्रेसची चौकशी सुमारे हजार. कोरियाच्या आंदोलनासाठी जपानी सरकारी आकडा ५५३ आणि कोरियन इतिहासकार पाक उन-शिक यांचा साडेसात हजारांवर.

आपल्या मूळ शंकेचे माझ्यापुरते उत्तर लोकसंख्येच्या एका हिशेबात आहे. १९३१ च्या सुमारास ३५ कोटींच्या हिंदुस्थानात ब्रिटिश माणसे दीड लाखाच्या आसपास होती. १९४० च्या सुमारास अडीच कोटींच्या कोरियात जपानी होते सात लाख. आपल्याकडच्या बहुसंख्य शेतकऱ्यांनी जन्मात गोरा माणूस पाहिला नसेल, कारण कर गोळा करणारा, मारणारा आणि सोडणारा आपलाच मामलेदार किंवा फौजदार असे. कोरियात मात्र साधा शिपाई, पोस्टातला कारकून, सावकार, कोपऱ्यावरचा दुकानदार हे सारे जपानी असू शकत, आणि ते बुसानहून रात्रीच्या बोटीने पोहोचता येईल इतक्या जवळच्या देशातून आलेले असत. परकी सत्ता तिथे गल्लीत राहायला आली होती.

परळवासी

मास्तर, १९१९ पर्यंतचा भाग आपण लिहिलात म्हणून मी पुढच्या काळाकडे वळते. मी कोरियन शिकले आहे आणि सध्या शिकवतेही. मुलुंडच्या काकांच्या मुलीला तिच्या शिक्षिकेने जे विचारले, त्यामागचा भावनेचा मोठा भाग १९३७ नंतरच्या आठ वर्षांतला आहे असे मला वाटते.

१९१९ नंतर आलेल्या गव्हर्नर-जनरल साइतो माकोतो यांच्या राजवटीत दोर थोडा सैल झाला. फटक्यांची शिक्षा गेली, १९२० मध्ये ‘दोंग-आ इल्बो’ आणि ‘चोसन इल्बो’ ही कोरियन दैनिके निघाली. मात्र चीनशी युद्ध पेटल्यावर जपानला कोरियन माणूस नुसता आज्ञाधारक असून पुरेना. तो जपानी व्हायला हवा होता. शाळेत रोज सम्राटाच्या प्रजेची शपथ म्हणणे आणि शिंतो देवळासमोर वाकणे बंधनकारक झाले. १९३८ पासून कोरियन भाषा शाळेत ऐच्छिक ठरली आणि मग नाहीशीच झाली. १९४० च्या ऑगस्टमध्ये वर उल्लेखलेली दोन्ही दैनिके बंद पाडण्यात आली.

आणि मग नावे. कोरियन आडनाव म्हणजे कुळ. त्याला मूळ गावाची जोड असते, वंशावळीच्या पोथ्या शतकानुशतके लिहिल्या जातात, आणि आपल्याकडे सगोत्र विवाह टाळत तसाच एकाच कुळात विवाह निषिद्ध मानला जाई. लग्नानंतरही स्त्री वडिलांचेच आडनाव ठेवते. १९४० च्या फेब्रुवारीपासून सहा महिन्यांच्या मुदतीत प्रत्येक घराने जपानी पद्धतीचे घराण्याचे नाव नोंदवावे असा हुकूम निघाला. कागदोपत्री ते ऐच्छिक होते. प्रत्यक्षात नाव न बदललेल्या घरातल्या मुलाला शाळेत, बापाला नोकरीत आणि कुटुंबाला शिधावाटपात जो त्रास होई, तो पाहून ऑगस्टपर्यंत सुमारे ८० टक्के घरांनी नाव नोंदवले. ज्यांनी नोंदवले नाही त्यांच्या घरप्रमुखाचे आडनावच सरकारने घराण्याचे नाव म्हणून चढवले, म्हणजे अशा घरातली सून आपोआप नवऱ्याच्या नावाखाली गेली. गंमत अशी की इतके करूनही शिरगणतीच्या दफ्तरात कोरियन तो कोरियनच राहिला. जपानी नाव धारण करणाऱ्याला जपानी माणसाचे अधिकार काही मिळाले नाहीत.

इंग्रजांना आपल्याला इंग्रज करायचे नव्हते. त्यांनी आपल्याला तुच्छ लेखले आणि स्वतः क्लबात वेगळे बसले. अपमान दोन्हीकडे होता, पण त्या वेगळेपणामुळे आपली घरे, देव आणि नावे तरी आपल्याकडे राहिली.

युद्धकाळात लाखो कोरियन पुरुष जपानच्या खाणींत आणि कारखान्यांत नेले गेले, आधी भरतीच्या नावाखाली आणि १९४४ पासून थेट सक्तीने. हिरोशिमा व नागासाकीच्या बॉम्बमध्ये सापडलेल्यांत हजारो कोरियन होते. स्त्रियांना सैन्यासाठीच्या वेश्यालयांत नेले गेले, बऱ्याच जणींना कारखान्यात काम देतो असे सांगून. त्यांची एकूण संख्या किती यावर आजही वाद आहे. तो मी इथे उकरत नाही. पण हे लक्षात घ्यावे, की त्या स्त्रिया परत आल्यावर त्यांच्या स्वतःच्या समाजानेही त्यांना बोलू दिले नाही. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या वृद्धेने स्वतःचे नाव आणि चेहरा उघड करून पहिल्यांदा साक्ष दिली. जानेवारी १९९२ पासून सोलमधल्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी दुपारी निदर्शने सुरू झाली. म्हणजे जखम ‘ऐंशी वर्षे’ ओली आहे असे नव्हे. तिचा हा भाग उघडा पडूनच तीस-पस्तीस वर्षे झाली आहेत.

चेंबूरचा अभियंता

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तथापि मूळ प्रश्नातला विकासाचा भाग दोघांनीही बाजूला ठेवला. मी आयुष्य खत कारखान्यात काढले, म्हणून उदाहरणही तेच देतो. कोरियाच्या ईशान्य किनाऱ्यावर हंगनाम येथे नोगुची या जपानी उद्योजकाने १९२७ पासून उभारलेला नत्रखताचा कारखाना त्या काळातल्या जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी होता. डोंगरातल्या नद्यांचे पाणी बोगद्यांतून उलट दिशेला वळवून त्याला वीज दिली होती. यालू नदीवरचे सुपुंग धरण हे त्याच मालिकेतले. सोल ते बुसान रेल्वे १९०५ च्या आरंभी सुरू झाली. आपल्याकडे सिंद्रीचा खत कारखाना उत्पादन देऊ लागला तो १९५१ मध्ये, म्हणजे इंग्रज गेल्यावर. वसाहतीत अवजड उद्योग उभारणारा साम्राज्यवादी देश जपानखेरीज क्वचितच दाखवता येईल. राजवट क्रूर होती हे मान्य करूनही, पुढच्या कोरियन प्रगतीत या पायाभरणीचा काहीच वाटा नव्हता असे म्हणणे मला अभियंता म्हणून पटत नाही.

गिरगावकर मास्तर

अभियंता साहेब, कारखाने होते हे खरेच आहे, आणि ते नाकारणारा कोरियन इतिहासकारही आता विरळा. प्रश्न ते कोणासाठी होते हा. हा प्रश्न विचारायला मुंबईकराला कोरियाला जावे लागत नाही. दादाभाई नौरोजींनी तो आगगाडीबद्दलच विचारला होता.

तांदळाचे पाहा. १९१८ मध्ये जपानात तांदळाच्या भाववाढीवरून दंगली झाल्या, म्हणून १९२० पासून कोरियात भात-उत्पादन वाढवण्याची योजना आली. कालवे झाले, नवे बियाणे आले, खतही आले. उत्पादन वाढले, पण जपानला जाणारा तांदूळ त्याहून वेगाने वाढला. १९३० च्या दशकात पिकाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा समुद्र ओलांडत होता. भात पिकवणाऱ्याच्या ताटात मांचुरियातून आणलेले भरड धान्य आले. पाणीपट्टी आणि खताचे कर्ज यांत लहान शेतकरी बुडाले आणि जमीन बड्या मालकांकडे गेली, त्यांत कोरियन जमीनदारही होते हे सांगितले पाहिजे.

आपण दिलेली दोन्ही ठिकाणे, हंगनाम आणि सुपुंग, आज उत्तर कोरियात आहेत. दक्षिणेच्या वाट्याला आली ती शेती, आणि मे १९४८ मध्ये उत्तरेने वीज तोडली तेव्हा दक्षिण अंधारात गेली. ज्या दक्षिण कोरियाच्या मोटारी आज आपल्या रस्त्यांवर धावतात, त्याने उद्योग जवळजवळ नव्याने उभा केला. शिक्षणाचे सांगायचे तर ३५ वर्षांत साऱ्या देशात विद्यापीठ एकच, तेही १९२४ चे, आणि त्यात कोरियन विद्यार्थी अल्पसंख्य. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९४६ पासून सुरू करण्याचे जाहीर झाले होते, म्हणजे राजवट त्याआधीच संपली.

माहीमकर

थोडे अवांतर, पण धाग्याच्या शीर्षकाशी जवळचे. १९४४ च्या इम्फाळच्या लढाईत आझाद हिंद सेना जपानी सैन्याबरोबर होती हे आपण जाणतो. समोरच्या ब्रिटिश बाजूला कोरियन स्वातंत्र्यसैनिकांची एक छोटी तुकडी होती. चीनमध्ये आश्रयाला असलेल्या त्यांच्या हंगामी सरकारच्या मुक्तिसेनेने १९४३ मध्ये मोजकी माणसे हिंदुस्थानात पाठवली. जपानी उत्तम येत असल्याने ती ध्वनिक्षेपकावरून शत्रूला आवाहन करीत, पकडलेली कागदपत्रे वाचत, कैद्यांशी बोलत. स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी निघालेली दोन माणसे एकाच डोंगरावर एकमेकांच्या शत्रूच्या छावणीत होती, आणि दोघांचाही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखा आहे.

त्याच वर्षी उत्तर ब्रह्मदेशातल्या म्यितकिना येथे अमेरिकनांच्या हाती लागलेल्या वीस कोरियन स्त्रियांची चौकशी आसामातल्या लेडोच्या छावणीत झाली, आणि परळवासी ताईंनी सांगितलेल्या विषयावरचा तो महत्त्वाचा समकालीन कागद आहे. जपानच्या अमलाखाली आपलेही लोक होतेच. अंदमानात ३० जानेवारी १९४४ रोजी होमफ्रेगंज येथे ४४ हिंदी माणसांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घालण्यात आल्या. सेल्युलर जेल पाहायला आपण आवर्जून जातो, तिथल्या काळ्या पाण्याच्या कहाण्या आपल्याला पाठ असतात. पण त्याच तुरुंगात जपान्यांनी हिंदी लोकांचे केलेले हाल सहसा कोणी विचारत नाही.

मुलुंडचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला हा धागा वाचायला देणार आहे. दोन उपप्रश्न आहेत. सोलमध्ये जपानी सचिवालयाची भव्य इमारत पाडली असे वाचले. आपण काळा घोड्याचा पुतळा राणीच्या बागेत नेऊन ठेवला आणि व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव बदलले, पण दगडाला हात लावला नाही. त्यांनी इमारतच का पाडावी? आणि जपानने नुकसानभरपाई दिली होती ना, मग वाद अजून कशाचा?

परळवासी

काका, ती इमारत १९२६ मध्ये पुरी झाली ती सोलच्या मुख्य राजवाड्याच्या, ग्योंगबोकगुंगच्या आवारात, सिंहासनाच्या दालनापुढे, शहराकडून राजवाडा दिसूच नये अशी. त्यासाठी राजवाड्याचे महाद्वार उचलून बाजूला नेले आणि आतल्या कितीतरी वास्तू मोडल्या. रायगडावर राजसदरेच्या पुढ्यात कोणी सचिवालय बांधले असते, तर त्याच्या गॉथिक कमानींचे आपण कौतुक केले असते का? तरीही कोरियनांनी घाई केली नाही. स्वातंत्र्यानंतर तिथे त्यांच्याच सरकारचे काम चालले, मग राष्ट्रीय संग्रहालय राहिले, आणि पाडण्याचा आरंभ झाला १५ ऑगस्ट १९९५ रोजी. इमारत ठेवावी असे म्हणणारेही तेव्हा पुष्कळ होते.

भरपाईचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जून १९६५ च्या कराराने जपानने दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज दिले, आणि दोन्ही देशांतले व त्यांच्या नागरिकांचे दावे पूर्णपणे मिटले असे लिहिले गेले. जपानने ती रक्कम ‘आर्थिक सहकार्य’ म्हणून दिली. राजवट बेकायदा होती असे त्याने तेव्हाही मान्य केले नाही. कोरियात त्या वेळी पार्क चुंग-ही यांची लष्करी घडणीची सत्ता होती, आणि पार्क हे स्वतः मांचुकुओच्या, म्हणजे जपानच्या छत्राखालच्या मांचुरियातल्या राज्याच्या, सैन्यातले माजी अधिकारी. विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा १९६४ मध्ये सोलमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्यात आणि रस्त्यांत गेला. देशाच्या दृष्टीने तो शहाणपणाचा खर्च होता असे मीही म्हणेन. पण सक्तीने नेलेल्या आणि मृत्यू पावलेल्या मजुरांच्या वारसांना सत्तरच्या दशकात प्रत्येकी ३ लाख वॉन मिळाले, जखमी होऊन परतलेल्यांना काहीच नाही, आणि सैन्याच्या वेश्यालयांत नेलेल्या स्त्रियांचा तर वाटाघाटींत विषयही निघाला नव्हता. जपानशी संगनमत केलेल्या स्वकीयांची चौकशी करायला १९४८ मध्ये नेमलेली समितीही वर्षभरात गुंडाळली गेली होती, कारण नव्या राज्याचे पोलीस बरेचसे जुनेच होते. काका, आपल्या प्रश्नातला राजकारण्यांचा हात इथे आहे: त्यांनी आग पेटवली त्याहून अधिक वेळा ती दाबली, आणि लोकशाही आल्यावर ती वर आली.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जपानी पोलाद कंपनीला चार मजुरांसाठी प्रत्येकी १० कोटी वॉन देण्याचा आदेश दिला. चौघांपैकी तोवर एकच जिवंत होते. वैयक्तिक यातनांचा दावा १९६५ च्या कराराने मिटत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. करारानंतर असे दावे संपलेच, असे जपानचे. पुढच्या जुलैत जपानने चिप बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्याचा खटल्याशी संबंध नाही असे जपान म्हणाला, कोरियात कोणाला ते पटले नाही, आणि जपानी मालावर बहिष्कार सुरू झाला. मार्च २०२३ मध्ये कोरियाच्या सरकारने तोडगा काढला, की रक्कम कोरियातल्याच एका संस्थेने द्यावी. तिला ४ अब्ज वॉनची देणगी दिली ती पोहांगच्या त्या पोलाद कंपनीने, जी १९६५ च्या पैशांतून उभी राहिली होती. काही वारसांनी पैसे घेतले; काहींनी, ज्याने राबवले त्यानेच द्यावे म्हणून, सुरुवातीला तरी नाकारले.

उत्तर कोरियाशी तर जपानचा असा करार झालेलाच नाही. २००२ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान कोइझुमी प्योंगयांगला गेले, तेव्हा संबंध प्रस्थापित झाल्यावर आर्थिक साह्य देण्याचे तत्त्वतः ठरले होते. पण उत्तरेने पळवून नेलेल्या जपानी नागरिकांचा प्रश्न आणि अण्वस्त्रे यांत ते अडकले ते अडकलेच.